भागभांडवल ते लाभांश : कंपनीच्या रोजकीर्दीतल्या नोंदींचा माझा अनुभव

गेली बरीच वर्षं मी एका छोट्या खासगी मर्यादित कंपनीचे हिशेब लिहिते. खरेदी, विक्री, पगार, जीएसटी, बँकेचा मेळ ही कामं रोजची. भागभांडवलाच्या खात्याला मात्र कधी हात लावायची वेळ आली नव्हती. दर १ एप्रिलला ते ८,००,००० रुपयांवर उघडायचं आणि ३१ मार्चला तिथेच मिटायचं. शेजारी ‘थकीत मागणी’ (भागांच्या किमतीचा न आलेला हप्ता) नावाचं ३,००० रुपयांचं एक जुनं खातं होतं. तेही तसंच पुढे ओढलं जायचं.

२०२५-२६ मध्ये दोन्ही गोष्टी एकाच वर्षात आल्या : नवे भाग (शेअर) काढायचे आणि सात वर्षांनी लाभांशही द्यायचा. नोंदी कशा करायच्या ते बारावीच्या पुस्तपालनात शिकले होते, पण तिथे प्रश्नातच सगळं दिलेलं असतं. प्रत्यक्षात नोंद कुठल्या तारखेला करायची आणि कुठल्या कागदाच्या आधारावर, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. खासगीपणासाठी आकडे बदलून सोपे केले आहेत, हिशेब मात्र खरा आहे.

एप्रिलमध्ये संचालकांनी ठरवलं की ओळखीच्या सहा जणांना ४०,००० इक्विटी भाग द्यायचे. दर्शनी किंमत १० रुपये, अधिमूल्य (प्रीमियम, म्हणजे दर्शनी किमतीवरची जादा रक्कम) ४० रुपये, एकूण २० लाख. पहिली अडचण अशी की कंपनीचं अधिकृत भांडवल १० लाख होतं आणि नवे भाग धरून भांडवल १२ लाख होणार होतं. १२ मे रोजी विशेष सर्वसाधारण सभा झाली. अधिकृत भांडवल १५ लाखांवर नेण्याचा ठराव आणि भाग देण्याचा विशेष ठराव, दोन्ही तिथेच मंजूर झाले. एसएच-७ (भांडवलवाढीचा) आणि एमजीटी-१४ (ठरावाचा) हे फॉर्म आमच्या सीएस (कंपनी सचिव) मॅडमनी भरले.

त्या संध्याकाळी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून बसले होते, कारण काहीतरी नोंद करायला हवी असं वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, “अगं, अधिकृत भांडवल ही फक्त मर्यादा आहे. तिची नोंद होत नाही.” नोंद झाली ती भरलेल्या फीची आणि मुद्रांक शुल्काची. हा खर्च वेगळ्या खात्यात ठेवा. भांडवल वाढवण्यासाठी दिलेली फी प्राप्तिकरासाठी महसुली खर्च धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. वर्षअखेरीस करगणनेत ती नफ्यात पुन्हा जोडावी लागते. किरकोळ खर्चात मिसळली तर तेव्हा शोधत बसावं लागेल.

भागांची किंमत ठरवायला नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. त्याचं शुल्क ३०,००० रुपये झालं आणि अहवालासाठी बरेच दिवस थांबावं लागलं. त्याला मागचे ताळेबंद, पुढचे अंदाज, कर्जाचे तपशील असं सगळं हवं असतं. हे आधीच एका फोल्डरमध्ये काढून ठेवलं तर वेळ वाचतो.

२६ मे रोजी पीएएस-४ नमुन्यातली देकारपत्रं (भाग देऊ केल्याची पत्रं) गेली आणि २९ मेपासून पैसे यायला लागले. खरी धाकधूक इथून सुरू झाली.

खासगी वितरणाचे, म्हणजे निवडक लोकांनाच भाग देताना येणारे, पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात. ते ज्याला भाग हवेत त्याच्याच खात्यातून यावे लागतात, रोख चालत नाहीत. शिवाय असे भाग वाटपाच्या वेळी पूर्ण भरणा झालेलेच असावे लागतात, म्हणजे थोडे आता आणि थोडे नंतर अशी सवलत नाही. पहिली रक्कम जमा झाली तेव्हा मोठे साहेब खुशीत म्हणाले, “टाका भांडवलात.” मी नोंद अशी केली (नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट) :

भाग वितरण बँक खाते नावे ५,००,०००
भाग अर्ज खाते जमा ५,००,०००

साहेबांना समजावलं की वाटपाचा ठराव होईपर्यंत ते भांडवल नाही. तोवर तो पैसा अर्जदाराचा आहे. ६० दिवसांत वाटप झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत तो परत द्यावा लागतो, नाहीतर साठाव्या दिवसापासून १२ टक्के व्याज चढतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतःच विचारलं, “म्हणजे आपल्याकडे आला तरी आपला नाही?” अगदी तेच. या पूर्ण वर्षातली प्रत्येक नोंद मला या एका प्रश्नाने सोडवता आली : पैसा कुठे आहे हे बँक सांगते, तो कोणाचा आहे हे ठराव सांगतो.

सहापैकी दोघांच्या रकमेत गडबड होती. एकांना ८,००० भागांचे ४,००,००० पाठवायचे होते, त्यांनी ४,५०,००० पाठवले. ३,००० भाग घेणाऱ्या गृहस्थांचे १,५०,००० त्यांच्या पत्नीच्या खात्यातून आले. घरच्या घरी असलं तरी ते चालत नाही. दोन्ही वेळी आलेला पैसा पुस्तकात दाखवणं आवश्यक होतं, कारण तो बँकेत दिसत होता. जादाचे ५०,००० आणि चुकीच्या खात्यातून आलेले १,५०,००० मी ‘परत करावयाची अर्ज रक्कम’ या वेगळ्या खात्यात जमा केले आणि परत पाठवल्यावर ते खातं नावे टाकून मिटवलं. त्या गृहस्थांनी नंतर स्वतःच्या खात्यातून रक्कम भरली. हे वेगळं खातं ठेवण्याचा फायदा वर्षअखेरीला कळतो. वाटप व्हायचं असलेली अर्जाची रक्कम ताळेबंदात स्वतंत्र ओळीत येते, तर परत करायची रक्कम चालू देण्यांत येते.

तुम्ही हे काम करणार असाल तर अर्जदारांना आधीच दोन ओळींचा निरोप पाठवा : नेमकी रक्कम किती, आणि ती कोणाच्या खात्यातून यायला हवी. आमच्याकडे तो निरोप घाईत राहून गेला होता.

१८ जूनला संचालक मंडळाची सभा झाली आणि वाटप झालं. त्याच तारखेची नोंद :

भाग अर्ज खाते नावे २०,००,०००
इक्विटी भागभांडवल खाते जमा ४,००,०००
सिक्युरिटीज प्रीमियम खाते जमा १६,००,०००
(सहा अर्जदारांना प्रत्येकी १० रुपयांचे ४०,००० भाग ४० रुपये अधिमूल्याने वाटप केले, सं. मं. ठराव दि. १८ जून २०२५)

स्पष्टीकरणात ठरावाची तारीख लिहायची सवय मी याच नोंदीपासून लावून घेतली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची खूण राहणं बंधनकारक आहे. नंतर तारीख बदलली तर तेही दिसतं. त्यामुळे ठरावाची सही झालेली प्रत हातात आल्याशिवाय नोंद करायची नाही, असं मी ठरवलं.

वाटप झालं तरी पैसे वापरता येत नव्हते. वाटपाचं विवरण, म्हणजे पीएएस-३, कंपनी निबंधकांकडे दाखल होईपर्यंत त्या रकमेला हात लावता येत नाही. मुदत १५ दिवस, म्हणजे ३ जुलै. त्यातच एका संचालकांच्या डिजिटल सहीची मुदत संपलेली निघाली. ती नवी येईपर्यंत पुरवठादारांचे फोन घेत बसावं लागलं. बँकेत वीस लाख दिसत असताना “अजून थोडे दिवस द्या” म्हणणं फार अवघड जातं. २७ जूनला फॉर्म दाखल झाला, पोचपावती आली आणि मगच रक्कम चालू खात्यात वळवली. दोन बँक खात्यांमधली ही फिरवाफिरव, म्हणून टॅलीत एफ-४ वरची काँट्रा नोंद. ज्यांत बँक येत नाही त्या नोंदी एफ-७ वर, जर्नलमध्ये. डिजिटल सह्यांच्या मुदती आधी तपासा, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

भाग प्रमाणपत्रं एसएच-१ नमुन्यात दोन महिन्यांच्या आत द्यायची असतात. १ जुलै २०२० पासून नव्या भागांवरचं मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के आहे. वीस लाखांवर ते भरलं फक्त १०० रुपये. आमची कंपनी लघु कंपनीच्या व्याख्येत बसते, म्हणून डीमॅटची सक्ती नव्हती. मोठ्या खासगी कंपन्यांना ती आहे, त्यांनी तो वेळ वेगळा धरावा.

प्रीमियमच्या सोळा लाखांवरून कचेरीत बरीच चर्चा झाली. धाकट्या साहेबांना वाटलं, एवढी रक्कम राखीवमध्ये आहे तर लाभांश त्यातूनच देऊ. कंपनी कायद्याचं कलम ५२ त्याला परवानगी देत नाही. प्रीमियम बोनस भागांसाठी, भाग काढण्याच्या खर्चासाठी, प्राथमिक खर्चासाठी, पुनर्खरेदीसाठी (कंपनीने स्वतःचेच भाग परत विकत घेण्यासाठी) आणि कलमात सांगितलेल्या अशाच मोजक्या कारणांसाठी वापरता येतं. आम्ही मूल्यांकनाचं शुल्क आणि मुद्रांक मिळून ३०,१०० रुपये त्यातून वजा केले :

सिक्युरिटीज प्रीमियम खाते नावे ३०,१००
भाग वितरण खर्च खाते जमा ३०,१००

या दिवसांत मी इंटरनेटवर पुष्कळ व्हिडिओ पाहिले. त्यातले बरेचसे परदेशी पद्धतीचे होते आणि त्यांत कंपनीने स्वतःचेच भाग विकत घेऊन ‘ट्रेझरी स्टॉक’ म्हणून सांभाळण्याच्या नोंदी होत्या. आपल्याकडे पुनर्खरेदी केलेले भाग रद्द करावे लागतात, तेही पुनर्खरेदी पूर्ण झाल्यापासून सात दिवसांत. ते पुढे विकण्यासाठी ठेवता येत नाहीत. तुम्हीही तसलं काही पाहिलं असेल तर त्या नोंदी वहीत उतरवू नका.

ऑगस्टमध्ये २०२४-२५ चे हिशेब तयार झाले. शिलकी नफा लाभांशाला पुरेसा होता आणि मंडळाने दर्शनी किमतीच्या २० टक्के लाभांशाची शिफारस केली. या कामासाठी मी २०१८ ची जुनी फाइल काढून ठेवली होती. तीत लाभांश वितरण कराची नोंद होती. तेव्हा कंपनीच हा कर भरायची आणि तो साडेवीस टक्क्यांच्या घरात जायचा. १ एप्रिल २०२० पासून तो गेला. आता कर भागधारकाच्या हातात लागतो आणि कंपनी टीडीएस (देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापते. त्याहूनही जुन्या, २०१४ च्या ताळेबंदात ३१ मार्चलाच ‘प्रस्तावित लाभांश’ देणं म्हणून दाखवलेला होता. २०१६ च्या सुधारणेनंतर लेखामानक ४ प्रमाणे तसं करता येत नाही. ताळेबंदाच्या तारखेनंतर सुचवलेला लाभांश फक्त टिपांमध्ये सांगायचा. जुनी फाइल समोर ठेवून तशाच नोंदी करायच्या हा हिशेबनिसांचा हातखंडा मार्ग, पण लाभांशाच्या बाबतीत तो चालणार नव्हता. दोन्ही नोंदी त्या त्या वर्षी बरोबर होत्या, आज दोन्ही लागू नाहीत.

म्हणून शिफारशीच्या दिवशी वहीत काहीच लिहिलं नाही. मंडळाने फक्त सुचवलं होतं. अंतिम लाभांश सभासदांनी मंजूर केला की देणं तयार होतं.

वार्षिक सभा २० सप्टेंबरला झाली. तत्पूर्वी मी एक तक्ता केला, आणि त्यात दोन प्रश्न निघाले. पहिला, जूनमध्ये आलेल्या सहा जणांना आदल्या वर्षाचा लाभांश द्यायचा का? उत्तर देकारपत्रात होतं. नव्या भागांना जुन्यांच्या बरोबरीने सर्व हक्क राहतील, असं त्यात लिहिलेलं होतं. म्हणजे द्यायचा. ‘अमुक तारखेपासून लाभांशास पात्र’ अशी अट घातली असती तर त्या अटीप्रमाणे ठरलं असतं.

दुसरा प्रश्न त्या थकीत ३,००० रुपयांचा. आमच्या एका जुन्या सभासदाकडे ५,००० भाग आहेत. त्यांपैकी १,००० भागांवरची शेवटची ३ रुपयांची मागणी कित्येक वर्षं आली नव्हती. आमच्या नियमावलीनुसार लाभांश भरणा झालेल्या रकमेवर मिळतो. म्हणून त्या १,००० भागांना २ रुपयांऐवजी ७ रुपयांच्या २० टक्के, म्हणजे १.४० रुपये. एकूण हिशेब असा झाला : १,१९,००० भागांवर २,३८,००० आणि १,००० भागांवर १,४००, मिळून २,३९,४०० रुपये.

शिलकी नफा खाते नावे २,३९,४००
लाभांश देय खाते जमा २,३९,४००

लाभांश हा खर्च नाही. नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला तो येत नाही, ते झालेल्या नफ्याचं वाटप आहे. टॅलीत खातं उघडताना गट चुकीचा निवडला तर वर्षाचा नफा २,३९,४०० ने कमी दिसेल, तेव्हा गट नीट पाहून निवडा. लाभांशाआधी काही टक्के राखीव निधीत टाकण्याची जुन्या कायद्यातली सक्ती २०१३ च्या कायद्यात नाही. आमच्या मंडळाने तशी रक्कम वळवली नाही.

जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत लाभांशाची रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते. बँकेला हे खातं उघडायला मंडळाचा ठराव लागतो. तो ऑगस्टच्या सभेतच करून घेतला होता म्हणून निभावलं. २४ तारखेला पूर्ण रक्कम तिथे गेली.

टीडीएसची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५,००० वरून १०,००० रुपये झाली आहे. निवासी व्यक्तीला वर्षभरात १०,००० पेक्षा जास्त लाभांश मिळत असेल तर १० टक्के कापायचे, पॅन नसेल तर २० टक्के. आमच्या दहा भागधारकांपैकी सात जण मर्यादेवर गेले. त्यांचा लाभांश २,१४,००० आणि कपात २१,४०० रुपये. ५,००० नवे भाग असलेल्या एकांना बरोबर १०,००० मिळत होते. त्यांचं नाव तक्त्यात किती वेळ पाहत होते मी. मर्यादा ‘पेक्षा जास्त’ अशी आहे, म्हणून त्यांची कपात झाली नाही. त्या थकबाकीवाल्या जुन्या सभासदांचे ९,४०० होत होते, तिथेही कपात नाही.

त्यांच्या ९,४०० मधून थकीत ३,००० वळते करून घ्यायचे ठरले. नियमावली आणि कायदा दोन्ही त्याला परवानगी देतात. तरी कळवल्याशिवाय कापायचं मला पटत नव्हतं. फोन केला. वय झालेले गृहस्थ आहेत. “मला वाटलं ते केव्हाच मिटलंय,” म्हणाले, आणि लगेच होकार दिला. लेखी पत्रही पाठवलं. मंडळाने थकबाकीवरचं व्याज माफ केलं, तोही ठराव फाइलला लावला.

२६ सप्टेंबरची नोंद :

लाभांश देय खाते नावे २,३९,४००
टीडीएस देय (लाभांश) खाते जमा २१,४००
थकीत मागणी खाते जमा ३,०००
लाभांश बँक खाते जमा २,१५,०००

थकीत मागणीचे ३,००० रुपये कंपनीचे झाले, म्हणून तेवढी रक्कम लाभांशाच्या खात्यातून चालू खात्यात काँट्राने आणली. इतकी वर्षं पुढे ओढलेलं ते खातं शून्यावर आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. टीडीएस ६ ऑक्टोबरला भरला, मुदत ७ ची होती. तिमाहीचं २६क्यू विवरण ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं होतं, आणि कपातीची १६ए प्रमाणपत्रं त्यानंतर १५ दिवसांत द्यायची होती.

एक रक्कम मात्र परत आली. ३,००० भाग असलेल्या गृहस्थांच्या बँकेचं विलीनीकरण झालं होतं आणि आयएफएससी बदलला होता. त्यांचे ६,००० रुपये लाभांश बँक खात्यात परत जमा झाले आणि तेवढं देणं पुन्हा उभं केलं. ते बाहेरगावी होते, फोन लागत नव्हता. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत न दिला गेलेला लाभांश पुढच्या सात दिवसांत ‘न दिलेला लाभांश’ अशा खास बँक खात्यात टाकावा लागतो. आमची मुदत २७ ऑक्टोबरला संपत होती आणि मध्ये दिवाळीच्या सुट्या होत्या. या खात्याची कागदपत्रं सुट्यांआधीच बँकेत देऊन ठेवली. २४ ऑक्टोबरला रक्कम तिथे गेली :

लाभांश देय खाते नावे ६,०००
न दिलेला लाभांश खाते जमा ६,०००

त्याबरोबरच बँकेकडून बँकेकडे ६,००० ची काँट्रा. हे पैसे कंपनीला वापरता येत नाहीत. सात वर्षं कोणी मागितले नाहीत तर ते केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा करावे लागतात. आमच्या गृहस्थांनी नोव्हेंबरमध्ये नवा तपशील कळवला आणि त्यांना रक्कम मिळाली. भागधारकांकडून रद्द केलेला धनादेश दर वेळी नव्याने मागवा, जुन्या नोंदीवर विसंबू नका.

आता फाइलमध्ये कागद याच क्रमाने लावले आहेत : ठराव, देकारपत्र, बँकेचा उतारा, पीएएस-३ ची पोचपावती, सभेचं इतिवृत्त, टीडीएसचं चलन. प्रत्येकावर त्याच्या व्हाउचरचा क्रमांक पेन्सिलीने टाकला आहे. टीडीएसच्या खात्याच्या नावात कलमाचा क्रमांक मुद्दाम घातलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू आहे आणि त्यात जुने कलम क्रमांक बदलले आहेत. पुढचा लाभांश देताना दर, मर्यादा आणि विवरणाचा नमुना नव्या कायद्यातून पाहून घ्या.